काष्ट्याला दुचाकीचं वावडं नाही

पाडवा जवळ आला की काही विद्वानांचं दुखणं बळावतं. परवा एका व्याख्यानात असेच एक गृहस्थ कडाडले: नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या मुली म्हणजे संस्कृतीचं विडंबन, बाईची संस्कृती देवघरात आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात, शोभायात्रेत मिरवणं हा निव्वळ फोटोचा सोस.

फोटोसाठी गर्दी करणाऱ्यांत पुरुषच जास्त असतात. त्यांना हे काही बोलले नाहीत.

पण नऊवारी आणि दुचाकी विसंगत? काष्टा कशासाठी असतो, याचा या गृहस्थांनी कधी विचार केलाय का? घोळ दोन पायांमधून मागे नेऊन खोचला की पाय मोकळे होतात. चिखलात भात लावणारी, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन झपाझप चालणारी बाई याच नेसणीत राबली. मांड टाकून बसायला याहून सोयीची साडी नाही. एका बाजूला पाय सोडून बसावं लागतं ते गोल पातळात! आणि हे गोल पातळ आलं तेव्हा घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी त्यालाही नाकं मुरडली होती. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, पायात जोडे घालून आणि हातात छत्री धरून निघालेल्या बाईवर दगड पडले. तेव्हाही कारण संस्कृतीचंच होतं.

शिवलेली नऊवारी खोटी, असंही हे गृहस्थ म्हणाले. मग पुरुषांचे तयार फेटे का खटकत नाहीत?

डोंबिवलीत १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि पाहता पाहता गावोगावचा पाडवा उंबऱ्याबाहेर पडला. मला त्याचं मोल वाटतं, कारण हळदीकुंकवाचं बोलावणं कपाळ बघून जायचं. माझ्या विधवा आत्याला चैत्रगौरीची वाटली डाळ आणि पन्हं स्वयंपाकघरात मिळायचं, बाहेरच्या बायकांत नाही. कमरेला ढोल बांधून भर उन्हात वाजवणाऱ्या मुलीला ती सवाष्ण आहे का, हे कुणी विचारत नाही. आपल्या संस्कृतीच्या वतीने जगासमोर उभं राहायला हीच मुलगी मला योग्य वाटते.

आयोजकांनो, या मुलींना यात्रेच्या अग्रभागी उभं करता, तसं नियोजनाच्या बैठकीलाही बोलवा. यात्रा कुठून जावी, कोणता चित्ररथ असावा, हे त्यांनाही ठरवू द्या.