चार ते पाच मी घरात नाही!

मैत्रिणींनो, आपल्या दिवसाचा हिशेब सरकारनंच मांडून ठेवलाय. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ८८. फरक रोज तीन तास एकवीस मिनिटांचा! २०१९मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, पण पुरुषांचीही नऊ वाचली.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. करमणूक, टीव्ही, खेळ, छंद यांत पुरुष १७७ मिनिटं घालवतात, स्त्रिया १६४. 'बघा, तेराच मिनिटांचा तर फरक', असं कुणी म्हणेलही. पण हा वेळ सलग होता की तुकड्यातुकड्यांचा, ते सरासरी सांगत नाही. आमच्या कुडव्यात दुपारी समोर मालिका चालू असते आणि मांडीवर सुपात निवडायचे तांदूळ. तेवढ्यात नळ येतो, मग शाळेतून मुलं येतात. असे दहा-दहा मिनिटांचे तुकडे जोडून ना आराम होत, ना छंद. गाण्याला, चित्राला, पुस्तकाला सलग तास लागतो.

कुडवा गोंदिया शहराला लागूनच आहे. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. ऑगस्ट २०२४पासून 'लाडकी बहीण'चे दीड हजार पात्र बहिणींच्या खात्यात येऊ लागले. चांगलंच झालं. भाडं परवडू लागलं, हाताशी चार पैसे आले. पण वेळेचं काय? हिवाळ्यात नवेगावबांधच्या तलावावर पाहुणे पक्षी येतात, दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. 'चाल नं, जाऊ' म्हटलं, की शेजारीण म्हणते, 'मी आली तं घरचं कोन पाहील?' अडतं ते इथं.

तशी सुटी आपल्याला नव्हतीच असं नाही. माहेरपण होतं, देवदर्शन होतं, हळदीकुंकू होतं. पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावावरची. 'मला थकायला झालंय, मला गायचंय,' हे कारण आजही घरात पुरेसं वाटत नाही. आणि खरं सांगू? ते आपल्यालाच आधी पुरेसं वाटत नाही.

आइसलँडच्या बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी एक दिवस नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवलं. सुमारे नव्वद टक्के स्त्रिया त्यात होत्या. त्या दिवशी मुलं सांभाळताना पुरुषांना कळलं, की देश कुणाच्या हातांवर चालतो. आपल्याला एवढं करायचं नाही. आपलं मागणं आठवड्यातल्या एका तासाचं आहे.

मात्र तो तास खरा हवा. स्वयंपाक करून, डबे झाकून, बाहेरून 'दूध तापवलं का?' असे फोन करत घेतलेली सुटी ही सुटी नव्हे. काम मागे ठेवायचं आणि काळजी सोबत न्यायची, असं होता कामा नये. त्या तासापुरती जबाबदारीच दुसऱ्याकडे द्यायची. भाजी खारट झाली तर होऊ द्या.

रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकणाऱ्या किंवा रोजीनं कामाला जाणाऱ्या बाईला मात्र हे सांगणं सोपं नाही. तिची सुटी म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून हा प्रश्न एकेका घरापुरता ठेवून चालणार नाही. बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाल्यावर अर्धा तास गाण्या-वाचण्याला ठेवता येईल. ग्रामपंचायतीकडे आठवड्यातून एका संध्याकाळी एक खोली मागता येईल. आळीपाळीनं एकीनं मुलं सांभाळली, तर बाकीच्या मोकळ्या होतील.

सुरुवात तर करू या. येत्या रविवारी घरात फक्त एवढंच सांगा, 'चार ते पाच मी नाही.' कुठं चाललीस, असं विचारलं, तर कारण खरं सांगा. दवाखान्याचं नाव पुढं करू नका.