आजी, त्याचं जेवण झालंय!

माणसाचा एखाद्या प्राण्यावर जीव जडला की तो पहिली गोष्ट कोणती करतो? त्याला खायला देतो. निदान आपल्याकडे तरी हेच चालत आलंय. जेवायला बसण्यापूर्वी गाईचा घास बाजूला निघायचा, मुंग्यांना चिमूटभर साखर पडायची, पितृपक्षात कावळ्याची वाट पाहिली जायची. आता शहरांतली अंगणं गेली, दारच्या गाई गेल्या; पण घास देणारा हात मात्र राहिला. तो रविवारी कुठे जातो हे पाहायचं असेल, तर प्राणिसंग्रहालयात हरणांच्या कठड्याशी दिवसभर उभं राहावं.

गेल्या हिवाळ्यात मी तसा उभा राहिलो. आमच्या भागातल्या युवक मंडळाची बावीस मुलं-मुली पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात एक दिवस स्वयंसेवक म्हणून जायची होती आणि सोबत कुणी वडीलधारं हवं म्हणून मला घेतलं होतं. मुलांच्या कल्पना भव्य! कुणाला बछड्याला बाटलीनं दूध पाजायचं होतं, कुणाला हत्तीला अंघोळ घालायची होती. प्रत्यक्षात हाती आले हातमोजे आणि कचऱ्याची पोती. कामं दोनच. कचरा उचलायचा आणि लोकांना काही टाकू द्यायचं नाही. एकाचं तोंड लगेच उतरलं. "म्हणजे आपण प्राण्यांसाठी आलोय की माणसांसाठी?" असं त्यानं विचारलंच. विचारलं रागानं, पण दिवसभराचं काम त्यानं एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

चितळ, सांबर ही रवंथ करणारी जनावरं. वेफर्सच्या रिकाम्या पिशवीला मिठाचा, तेलाचा वास असतो. हरीण ती गिळतं आणि ती कोठीपोटात जाऊन बसते. तिथे ती कुजत नाही, पुढेही सरकत नाही. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी असा गोळा होत जातो. मग पोट कायम भरलेलं, खाणं कमी, आणि जनावर हळूहळू झिजतं. पिशवी टाकणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, कारण तोवर तो घरी पोचून ही गोष्ट विसरूनही गेलेला असतो.

हे टाकणारे लोक दुष्ट असते तर काम सोपं होतं. दुष्टांसाठी कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली प्राणिसंग्रहालयांचं स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार इथल्या प्राण्याला डिवचणं, इजा करणं, खायला घालणं, इतकंच काय, आवाज करून त्रास देणं हाही गुन्हा आहे. पण पदराआडून शेंगदाण्यांची पुडी काढणाऱ्या आजींना तुम्ही कोणतं कलम सांगणार? त्या पुण्य करताहेत! आपल्या पाट्यांची भाषा पाहा: 'सक्त मनाई', 'दंडनीय अपराध'. ती वाचून पापभीरू माणूस म्हणतो, हे दुसऱ्या कुणासाठी तरी लिहिलंय.

सकाळी आमची मुलंही पाटीसारखंच बोलत होती. "खायला देऊ नका, दंड होईल." लोक हसत, नाहीतर भांडत. अकराच्या सुमाराला अशाच एक आजी म्हणाल्या, "अरे बाळा, मुकं जनावर ते. दोन दाण्यांनी काय होतंय?" आमच्यातली अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "आजी, त्याचं सकाळीच जेवण झालंय. आता वरून काही दिलं तर पोट दुखेल त्याचं." आजींनी पुडी मुकाट्यानं पिशवीत ठेवली. वर नातवालाही बजावलं, "जेवलंय हो ते!" तासाभरात सगळी मुलं हेच वाक्य म्हणू लागली. सर्वांवर चाललं असं नाही. पण दंडापेक्षा पुष्कळ बरं चाललं. हे वाक्य कुठल्या कार्यालयाला सुचलं नसतं. त्यासाठी घरात आजी असावी लागते.

मगरीपाशी तऱ्हा वेगळी. तिथे दया नाही, वसुली आहे. तिकीट काढलंय, मग ही हलत का नाही? मेलीय की काय? की आला खडा. आ वासून निश्चल पडणं ही मगरीची अंगातली उष्णता सांभाळायची रीत, हे मुलांनी त्या दिवशी किती वेळा सांगितलं असेल त्याची गणती नाही. बिबट्या दुपारी झोपतो तोही आळशी म्हणून नव्हे. त्याचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. या पुण्यात सवाई माधवरावांच्या पदरी प्राण्यांचा संग्रह होता. त्यातला गेंडा गंगाराम तांबट या चित्रकारानं १७९० मध्ये चितारला. तो संग्रह धन्याच्या कौतुकासाठी होता. १९५३ साली पेशवे पार्क झालं, पुढे प्राणी कात्रजला आले, त्याआधी १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण देखरेखीला आलं. बघणारा मात्र अजून आपल्याला पेशवाच समजतो.

आणि कठडा फक्त आपल्याला वाघापासून वाचवायला असतो हाही गैरसमजच. २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातल्या आठ सिंहांना कोरोनाची लागण झाली होती, आणि ती माणसाकडून झाली असावी असाच तज्ज्ञांचा कयास होता.

आता एका दिवसाच्या सेवेबद्दल. मला तिचं फारसं कौतुक नाही. एक रविवार, एक टोपी, एक सामूहिक छायाचित्र, एक प्रमाणपत्र! पुढच्या रविवारी तोच कठडा, तीच गर्दी, नवी पुडी. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्यानं वर्षाला १२० तास द्यायचे असतात. ते तास दहा ठिकाणी शिंपडण्यापेक्षा महिन्यातला एक रविवार एकाच कठड्याला का देऊ नयेत? तीच मुलं तिथे पुन्हा पुन्हा उभी राहिली तर कुठलं चितळ लंगडतंय, कुठलं खात नाहीये, हे त्यांच्याही ध्यानात येईल, आणि प्राणीरक्षकाला चार डोळे जास्तीचे मिळतील. बछड्याला दूध पाजण्यापेक्षा हे काम रुक्ष आहे, मान्य. म्हणूनच ते प्रौढांवर न सोडता तरुणांना द्यावं; आपण मोठी माणसं 'जाऊ द्या हो' म्हणायला फार लवकर शिकलेलो असतो.

आमच्या मंडळात हे मांडलं तेव्हा बावीसपैकी सात जणांनी नावं दिली. चितळांच्या कठड्याला चौघं लागतात. उरलेले तिघं मगरीपाशी उभे राहतात.