माळ्यावरचा गठ्ठा

सेवानिवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळते, तशीच आपली जुनी मते पुन्हा तपासून पाहण्याचीही. गेल्या काही महिन्यांत मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचली आणि त्यापाठोपाठ, नातीच्या आग्रहास्तव, ‘भीमायन’ हे २०११ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी चित्ररूप पुस्तक. पहिले ते ‘वाचन’ आणि दुसरी ‘करमणूक’, अशी विभागणी मी आयुष्यभर केली. ती आता मला टिकवता येत नाही.

या विभागणीची किंमत माझ्या मुलाने मोजली. ऐंशीच्या दशकात माझी बदली महाराष्ट्राबाहेर झाली. त्याची शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी अक्षरांशी त्याचा स्वखुशीचा संबंध उरला होता तो केवळ ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधल्या वेताळापुरता. चित्रे पाहणे म्हणजे वाचणे नव्हे, असे बजावून मी तो गठ्ठा माळ्यावर टाकला आणि त्याच्या हाती निवडक ग्रंथ दिले. ग्रंथ कोरेच राहिले. चित्रकथा सुटली, तिच्याबरोबर मराठी वाचनही सुटले. आज तो मराठी उत्तम बोलतो. वाचत मात्र नाही.

‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी डॉ. आंबेडकरांचे अनुभव रेखाटले आहेत. १९०१ साली लहानगा भीम भावंडांसह वडिलांना भेटायला निघतो. वडील तलावाच्या सरकारी कामावर खजिनदार. मसूर स्थानकावर मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो. दुप्पट भाडे घेऊनही गाडीवान त्यांच्याशेजारी बसत नाही. पुढे रात्रभर पाणी मिळत नाही. हा प्रसंग मला ठाऊक होता; तरीही मी पानापानावर थांबलो. येथे कठोर शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, तर सौम्य शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. कोण काय बोलले यापेक्षा ते कसे लागले, हे डोळ्यांना आधी कळते. अशी पाने भराभर उलटता येत नाहीत.

अर्थात चित्राने सारेच साधते असे नाही. लक्ष्मीबाईंचा स्वतःवरही हसणारा, घरगुती बोलीचा सूर शब्दांतच भेटतो. पण लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईंनी मराठीला अजोड आत्मचरित्र दिले, हे ध्यानात आल्यावर मला माझाच ताठा खटकला. वाचनाचा दरवाजा कोणता असावा, हे ठरवणारा मी कोण?

बदलीच्या गावी मुले वाढवणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना व ग्राहकबंधुभगिनींना म्हणूनच एक विनंती आहे. मूल मराठी चित्रकथा घेऊन बसले असेल, तर ती काढून घेऊ नका; शेजारी बसा आणि पुढे काय झाले ते विचारा. सध्या रोज संध्याकाळी मी नातीला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवतो. परवा तिचे वडीलही ऐकत दारात उभे राहिले होते.