विश्लेषण : अँटीबॉडी विषाणूचा डीएनए कसा शोधते?

अँटीबॉडी म्हटले की करोनाकाळातील रक्ततपासणी आठवते. पण प्रयोगशाळेत खास तयार केलेल्या अँटीबॉडी थेट विषाणूचा डीएनएही शोधतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत एचपीव्ही विषाणूसाठीची ‘हायब्रिड कॅप्चर’ चाचणी याच तत्त्वावर चालते.

चाचणी कशी होते?
नमुन्यातील डीएनएच्या दोन साखळ्या रसायनाने वेगळ्या करतात. त्यात विषाणूच्या डीएनएशी जुळणारे आरएनएचे तुकडे मिसळतात. विषाणू असेल तर डीएनए-आरएनएची जोडी जमते. अँटीबॉडी हीच जोडी ओळखते. एक अँटीबॉडी तिला प्लेटवर धरून ठेवते, एन्झाइम जोडलेली दुसरी प्रकाश निर्माण करते. प्रकाश ठरलेल्या पातळीपेक्षा जास्त असेल तर नमुना पॉझिटिव्ह.

पीसीआरपेक्षा वेगळे काय?
पीसीआरमध्ये डीएनएच्या असंख्य प्रती काढतात. इथे डीएनए तेवढाच राहतो, संकेत वाढवला जातो.

महाराष्ट्राशी संबंध काय?
तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ महिलांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ वर्षांत या कर्करोगाने एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४, तर नेहमीच्याच आरोग्यसेवेवर ठेवलेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४ मृत्यू झाले. चाचणी फक्त एकदाच झाली होती. दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल नैतिक आक्षेपही घेतले गेले.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग?
नाही. बहुतेकदा विषाणू आपोआप जातो. मात्र पुढची तपासणी आणि गरजेनुसार उपचार झाले नाहीत, तर चाचणीचा उपयोग रिपोर्टपुरताच राहतो.