मेसमध्ये लेक कोणाशेजारी बसते?

बारावीचे निकाल लागले, की आपल्या श्रीरामपुरात महिना-दीड महिना दुसरा विषय नसतो. भाजीबाजारात भेटा, बारशाला भेटा, नाहीतर एस.टी. स्टँडवर, पहिला प्रश्न ठरलेला. "काय, कुठे घालताय?" पूर्वी उत्तरंही ठरलेली असायची. गावातलं कॉलेज, नाहीतर नगर, फार तर पुणे. आता त्यात खाजगी विद्यापीठांची भर पडली आहे. गुळगुळीत कागदाची त्यांची माहितीपुस्तकं घराघरांत टेबलावर पडलेली दिसतात. मुखपृष्ठावर हिरवळ, हिरवळीवर हसणारी मुलं. एक गोरी, एक सावळी, एक आफ्रिकेतला वाटावा असा मुलगा, एक ईशान्येकडची मुलगी. खाली ओळ, की आमच्याकडे देशोदेशींचे विद्यार्थी गुण्यागोविंदाने शिकतात!

चित्र छानच असतं हो. आणि मैत्रिणींनो, आपण ते बघून काय विचारतो? वॉर्डन कडक आहे ना, रात्री किती वाजता दार बंद होतं, गरम पाणी येतं का. हे विचारायलाच हवं. पण आज मी तुम्हाला आणखी एक प्रश्न विचारायला सांगणार आहे. मेसमध्ये मुली कशा बसतात? कोण कोणाशेजारी बसतं?

हसू नका. निरनिराळी मुलं एका कुंपणाच्या आत गोळा करणं सोपं, पण एका ताटापाशी बसवणं फार अवघड. हे आपल्या महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको. बोरावके कॉलेजमुळे रयत शिक्षण संस्थेचं नाव आपल्या घरोघरी माहीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांची पांढऱ्या दाढीची तसबीरही आपण लहानपणापासून पाहत आलोय. पण त्या तसबिरीमागची जेवणाची गोष्ट आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे?

भाऊराव शिकायला कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. शाहू महाराजांनी तेव्हा एकेका समाजासाठी वेगवेगळी वसतिगृहं काढायला मदत केली होती. मुलं शिक्षणाला बाहेर पडायची, तर त्या काळी तोच मार्ग होता. त्यांतलंच एक अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क वसतिगृह. भाऊराव तिथल्या समारंभाला गेले. परत आल्यावर बोर्डिंगात त्यांना सांगण्यात आलं, की आधी आंघोळ करा, मग जेवायला बसा. त्यांनी ऐकलं नाही, आणि बोर्डिंग सोडावं लागलं. म्हणजे बघा, मुलगा शिकायला आला होता आणि बाहेर पडला तो जेवणाच्या पंगतीवरून!

पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केलं. तिथे महार, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. कामंही मुलांनीच करायची. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. आणि धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या अंगावरचे दागिने गेले. शेवटी मंगळसूत्रही मोडलं गेलं. १९३० साली त्या वारल्या. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरातली ही बाई, जातीपातीच्या पोरांची आई झाली. कर्मवीरांच्या भाषणांत लक्ष्मीबाईंचं नाव निघतं, पण अगदी शेवटी. मला वाटतं, ते आधी निघायला हवं.

आता पुण्याकडे वळू, कारण आपल्याकडची पोरं तिकडेच जातात. तिथल्या सिंबायोसिसचं नाव कोणाला माहीत नाही? ती संस्था १९७१ मध्ये डॉ. शां. ब. मुजुमदारांनी काढली. ते फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत आणि मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. त्यांनी स्वतःच ही आठवण अनेकदा सांगितली आहे. वसतिगृहाच्या एका खोलीच्या खिडकीतून एक मुलगी आतल्या मुलाला काहीतरी देताना त्यांना दिसली. रेक्टरच ते, त्यांना संशय आला. चौकशी केली, तर आत मॉरिशसचा एक मुलगा काविळीने अंथरुणाला खिळलेला. मुलींना आत जायला बंदी, म्हणून ती खिडकीतून त्याला जेवण देत होती. हजारो मैलांवरून आलेल्या या मुलांना इथे कोणी नाही, हे त्यांच्या मनाला लागलं आणि त्यातून परदेशी विद्यार्थ्यांसाठी ही संस्था उभी राहिली. नावही वनस्पतीशास्त्रातलं, दोन जिवांनी एकमेकांच्या आधाराने जगणं. २००२ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

म्हणजे इथेही मूळ एका जेवणाच्या डब्यातच!

इतकं लांब तरी कशाला? लोणी आपल्यापासून एस.टी.च्या अंतरावर. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या सुमाराचा. त्याच परिसरात १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि २००३ मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालं. अभिमत विद्यापीठांतल्या डॉक्टरकीच्या जागा देशपातळीवरच्या एकाच प्रवेशप्रक्रियेतून भरतात. त्यामुळे कुठल्या कुठल्या राज्यांतली मुलं उसाच्या फडांमधल्या त्या गावात येऊन राहतात. आपल्याला वाटतं, आपणच पोरं परगावी पाठवतो. अहो, कोणीतरी आई आपली लेक आपल्या तालुक्याच्या शेजारीही पाठवते आहे, तिथे ज्वारीची भाकरी आणि पिठलं पाहून ती पोर घरी फोन करून रडतही असेल!

पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. खाजगी विद्यापीठात देश निरनिराळे, प्रांत निरनिराळे, भाषा निरनिराळ्या, पण खिसे? खिसे पुष्कळसे एकसारखे. शाहू बोर्डिंगमध्ये ज्याच्याकडे काही नाही तोही येत होता. इथे दारातच फी उभी असते, आणि ती लाखांच्या घरात. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत राखीव जागा असतात, तशी सक्ती खाजगी अभिमत विद्यापीठांवर नाही. घटनेत २००५ च्या ९३ व्या दुरुस्तीने तसा कायदा करायची सोय झाली, पण केंद्राने खाजगी संस्थांसाठी तो केलेला नाही. काही संस्था आपणहून थोड्या जागा ठेवतात, हे खरं. पण जागा ठेवली, तरी फी कोण भरणार?

इथेच एक कामाची गोष्ट टिपून ठेवा, कारण यात कितीतरी घरांची फसगत होते. मुलींना उच्च शिक्षण मोफत, असं आपण ऐकतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाली. पण त्यातून खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. माहितीपुस्तक कितीही गोड बोललं, तरी प्रवेशाचे पैसे भरण्याआधी विचारा, "ही फीमाफी तुमच्याकडे लागू आहे का? लेखी द्या." लाजू नका. साडी घेताना आपण पदर उलटून बघतोच की.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका खाजगी विद्यापीठात शिकते. नाव मुलीचंही सांगत नाही आणि विद्यापीठाचंही. वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहितात, आई ब्लाउज शिवते. कर्ज काढून पाठवलंय. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आली होती. मी वाटाणे सोलत बसले होते, तीही सोलायला बसली आणि हळूहळू बोलायला लागली.

खोलीत तिघी. एक इंदूरची, एक मणिपूरची आणि ही. पहिले पंधरा दिवस कोणी कोणाशी बोलेना. मेसमध्ये टेबलं आपोआप वाटली गेलेली. इंग्रजी शाळांतून आलेल्या एका टेबलावर, दिल्लीकडच्या एकीकडे, अंडं खाणाऱ्या वेगळ्या, परदेशी मुलं कोपऱ्यात त्यांची त्यांची. मराठी मुली होत्या, पण त्याही आपसांत इंग्रजीच बोलायच्या. "बाई, मला इंग्रजी येतं," ती म्हणाली, "पण घास गिळता गिळता येत नाही." ती ताट घेऊन एकटीच खोलीत जायची.

मग एकदा मणिपूरची मुलगी घरून आलेली कसलीशी चटणी उघडून बसली. वास असा, की इंदूरची नाक धरून बाहेर गेली. तक्रार करणार होती म्हणे. मणिपूरची पोर डबा झाकून भिंतीकडे तोंड करून बसली. तेव्हा आपल्या श्रीरामपूरच्या लेकीने कपाटातून आईच्या हातचा ठेचा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने बोटाने चाखला आणि हसत सुटली. त्यांच्याकडेही मिरची अशीच ठेचतात, त्यात आंबवलेली मासळी घालतात, एवढंच. त्या दिवसापासून दोघी एकत्र जेवतात. इंदूरचीला महिना लागला. आता तीही येते, स्वतःची शेव घेऊन. मासळीच्या डब्यापासून मात्र दोन हात लांब बसते. असू दे!

ऐकायला गोड आहे, नाही का? पण पुढचं ऐका. दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा वाढदिवस. केक, मग बाहेर हॉटेलात जेवण, आणि रात्रीच बिलाचे भाग पाडून फोनवर मागणी. सातशे, आठशे, कधी हजार. हिला महिन्याला घरून येणार दोन हजार. पहिल्या महिन्यात दिले. दुसऱ्या महिन्यापासून तिचं पोट बिघडायला लागलं. वाढदिवस आला, की पोट दुखतं! इतक्या वेळा, की वॉर्डनने डॉक्टरकडे नेलं. "आईला सांगू नका," असं मला बजावून सांगितलं. आई ब्लाउजच्या हुका लावत रात्री बारापर्यंत बसते, हे तिला ठाऊक आहे.

मैत्रिणींनो, या पोटदुखीवर ओवा-सैंधव चालत नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की आईला कळू दे. मग आम्ही कागद घेतला. महिन्याचे दोन हजार चार आठवड्यांत मांडले. वाढदिवसासाठी महिन्याला दोनशे, त्याहून एक पैसा नाही. जेवणाला जायचं नाही. पण आधी केक कापताना थांबायचं, टाळ्या वाजवायच्या आणि "मला हे परवडत नाही गं" असं सरळ मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत सांगायचं. पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली म्हणे. आणि गंमत बघा, ती बोलल्यावर आणखी दोघी म्हणाल्या, "आम्हालाही!" त्यांतली एक तर चांगली इंग्रजी टेबलावरची.

म्हणून जुलैमध्ये लेकीची पेटी भरताना एवढं करा. कर्ज किती, हप्ता किती, हे तिच्यापासून लपवू नका. अठरा वर्षांच्या मुलीला घरचा आकडा माहीत असावा. महिन्याची रक्कम ठरवून द्या आणि त्यात मैत्रिणींसाठीही थोडा भाग असू द्या. तो शून्य ठेवलात तर ती एकटी पडेल. आणि ज्यांच्या घरी सुबत्ता आहे, त्यांना वेगळं सांगणं आहे. तुमच्या लेकीचा वाढदिवस असेल, तर बिल तुमच्या लेकीनेच द्यावं. शिरा करून डब्यातून पाठवलात, तर आणखी चांगलं.

विद्यापीठ बघायला जाल तेव्हा जेवणाच्या वेळी जा. खोल्या कशा वाटतात ते विचारा. गावाप्रमाणे, भाषेप्रमाणे, की चिठ्ठ्या टाकून? एका खोलीत एकाच गावच्या मुली मागून घेण्याचा आपला स्वभाव असतो, सोबत म्हणून. पहिल्या महिन्यात ती सोबत बरी वाटते, पण मग तीन वर्षं पोर श्रीरामपुरातच राहते, फक्त भाडं पुण्याचं! आणि कोणी छळलं, चिडवलं, जातीवरून, भाषेवरून, रंगावरून बोललं, तर ते गप्प बसण्याचं काम नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि देशभरासाठी १८००-१८०-५५२२ हा फुकट फोन आहे. पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून द्या.

आता जरा आपल्याबद्दल बोलू, बोचलं तरी चालेल. आपलं गाव म्हणजे बाजारपेठ. मारवाडी, सिंधी, पंजाबी, गुजराती, मुसलमान, ख्रिस्ती, सासवडकडून आलेली माळी मंडळी. दुकानात आपण सगळ्यांशी हसून बोलतो, उधारी ठेवतो. पण लेक सुटीत मैत्रीण घेऊन आली, की पाण्याचा तांब्या देण्याआधी स्वयंपाकघरातून हळूच काय विचारतो? "आडनाव काय गं तिचं?" मी कितीतरी घरांत ऐकलंय. ती पोर बाहेर बसलेली असते आणि तिला ते ऐकू येतं. तिच्या मैत्रिणीला तर त्याहून जास्त ऐकू येतं. मग विद्यापीठाच्या मेसमधल्या टेबलांना नावं कशाला ठेवायची?

त्या दिवाळीला मणिपूरची मुलगी घरी जाऊ शकली नाही, तिकीट फार महाग. ती श्रीरामपूरलाच आली होती, बेलापूर स्टेशनवर उतरून. ब्लाउज शिवणाऱ्या त्या आईने तिला मशीनशेजारी पाटावर बसवून करंज्या भरायला दिल्या. मोडक्यातोडक्या हिंदीत दोघींचं काय चाललं होतं, देव जाणे. जाताना तिच्या हातात ठेच्याची मोठी बरणी होती आणि बरणीवर चिंधीचा दादरा, गाडीत वास नको म्हणून दोरीने घट्ट बांधलेला.

प्रवासात ठेचा टिकवायचा असेल तर मिरच्या धुऊन पूर्ण कोरड्या करा, तेलात परता आणि मीठ जरा चढं ठेवा. पाण्याचा थेंब लागू देऊ नका. लिंबू मात्र तिकडे गेल्यावर, ताटात वाढताना पिळायला सांगा.