इंजिन नवे, वय मात्र जुनेच

३० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झालेली, आणि मुंबईत टॅक्सीला मर्यादा वीस वर्षांची. हिशेब सरळ होता. हौशी मंडळींनी फोटो काढले, हळहळही बरीच झाली. पण पद्मिनीच्या उभ्या कारकिर्दीत कित्येक टॅक्स्यांच्या पोटातले इंजिन मूळचे राहिलेच नव्हते, हे कुणाच्या फारसे ध्यानात आले नाही. पेट्रोल परवडेना तेव्हा डिझेलचे इंजिन बसले. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर सीएनजी आला. काळजे बदलत गेली, वय मात्र सांगाड्याचेच मोजले गेले.

हा प्रश्न आता टॅक्सीवाल्यांपुरता उरलेला नाही. सोसायटीच्या आवारात अठरा-वीस वर्षांची गाडी उभी असलेली घरे आपल्याकडे थोडी नाहीत. एक दिवस मागून निळा धूर येऊ लागतो, दर महिन्याला ऑइल कमी भरते आणि मेकॅनिक सांगतो, ‘साहेब, इंजिन उतरवावे लागेल.’ मग घरात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे विकून टाका; दुसऱ्याचे, पत्रा अजून शाबूत आहे, इंजिनच तेवढे बदला.

पद्मिनीच्या काळी हा दुसरा पक्ष सहज जिंकत असे. तिचे १०८९ सीसीचे इंजिन बॉनेट उघडले की चारी बाजूंनी मोकळे दिसे. बॅटरी सोडायची, पाणी काढून रेडिएटर बाहेर घ्यायचा, होज, वायरी आणि सायलेन्सरचा पाइप सुटे करायचे, गिअरबॉक्सचे नि माउंटिंगचे बोल्ट काढायचे आणि चेन-पुलीने इंजिन वर उचलायचे. दोन जाणती माणसे आणि एक भक्कम तुळई असली की घराच्या आवारातही काम होई. (तुळई खरोखरच भक्कम हवी, आणि टांगलेल्या इंजिनाखाली कुणी हातसुद्धा घालता कामा नये.) क्लचप्लेट तेव्हाच बदलून घेत, कारण नुसत्या प्लेटसाठी पुन्हा गिअरबॉक्स कोण उतरवणार? आजच्या गाडीत बोल्ट तेच आहेत. पण इंजिनावर सेन्सरांचे जाळे आहे आणि त्यांचा मेंदू वेगळ्या डब्यात बसला आहे. त्या मेंदूशी नव्या इंजिनाचे जमले नाही, तर सगळे बोल्ट आवळूनही गाडी सुरू होत नाही. मिस्त्रीच्या हाती पान्याइतकाच लॅपटॉप लागतो.

त्यानंतर कागद. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मालकाला मनमानी बदल करू देत नाही. कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन घालण्याची वाट मोकळी आहे. पण इंजिनाचा नंबर बदलतो, म्हणून १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. भंगारवाल्याकडून स्वस्तात आणलेल्या इंजिनाची पावती नसेल, तर ते चोरीच्या गाडीतले नाही हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. उद्या अपघात झाला आणि आरसीवरचा नंबर जुळला नाही, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

एवढे सोपस्कार करूनही सरकारदरबारी गाडी तरुण होत नाही. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले. वीस वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले. नव्या इंजिनाची पावती दाखवून यातला एक रुपयाही सुटत नाही. धूर ओकणारी बारा वर्षांची गाडी मात्र पीयूसीचा कागद खिशात ठेवून बिनघोर फिरते. प्रदूषण रोखणे हाच हेतू असेल, तर हे मोजमाप उफराटे आहे.

दिल्लीत हा वाद अधिक पेटला. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची तिथली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली होती. त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांवर निव्वळ वयाच्या कारणाने कारवाई नको, असे सांगितले. म्हणजे जन्मतारखेबरोबर इंजिनाची जातही विचारात आली. हे पाऊल योग्य दिशेचे आहे, पण अर्धेच. ही जातही जन्माच्या वेळी आरसीवर लिहिली तीच धरली जाते. गाडीच्या नळीतून आज काय बाहेर पडते, हे पाहून ती ठरत नाही.

जुन्या गाडीत बॅटरी आणि मोटर बसवण्याची मुभा कायद्यात आहे. त्यासाठीचे किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मंजूर केलेले हवे. साध्या घरगुती मोटारीसाठी हा खर्च आज तरी जड आहे, गाडीच्या बाजारभावाला मागे टाकणारा. आणि सवलतीचा ओघ उलट्या दिशेला वाहतो आहे. गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात दिली, तर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. चांगला सांगाडा राखून त्यात स्वच्छ इंजिन घालणाऱ्याला अशी सूट नाही. त्याच्या वाट्याला येते ती आरटीओची खिडकी.