दुडकी चाल, चार घोडे आणि मी दिलेला एक शून्य



आज एका शून्याबद्दल लिहायचं आहे. तो शून्य मी दिला होता आणि तो चुकीचा होता.

मी आठवीला गणित शिकवते. वेग, अंतर, वेळ हा घटक आला की आपण काय करतो? आगगाडी खांब ओलांडते, दोन गावांहून दोन मोटारी निघतात. मुलं कंटाळतात. आमच्याकडची बरीच मुलं मार्गशीर्षात तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेला जातात. तिथला घोडेबाजार त्यांनी डोळ्यांनी बघितलेला असतो. म्हणून म्हटलं, यंदा घोड्यांचं उदाहरण घेऊ. चौखूर धावणाऱ्या घोड्यांचं नको, दुडक्या चालीचं घेऊ. अमेरिका, रशिया, फ्रान्स, स्वीडन या देशांत हलकी दोनचाकी गाडी जुंपून दुडक्या चालीच्या शर्यती होतात आणि त्यांच्या वेळा नोंदवलेल्या असतात. फळ्यावर मी चार ओळी लिहिल्या.

१. अमेरिकेचा स्टँडर्डब्रेड : १ मैल, १ मिनिट ४८.८ सेकंद (२०१८ चा विक्रम)
२. रशियाचा ऑर्लोव्ह : १६०० मीटर, १ मिनिट ५७.२ सेकंद (१९९१ चा विक्रम)
३. फ्रेंच ट्रॉटर : २७०० मीटरची शर्यत, दर किलोमीटरला सुमारे १ मिनिट ११ सेकंद
४. स्वीडनचा भारी बांध्याचा कोल्डब्लड ट्रॉटर : दर किलोमीटरला सुमारे १ मिनिट १८ सेकंद

प्रश्न असा होता : सर्वांत वेगवान जात कोणती? उतरता क्रम लावा.

काही मुलांनी नुसती वेळ बघितली आणि फ्रेंच घोडा पहिला लावला. ती चूक अपेक्षितच होती. बाकीच्यांनी मैलाचे १६०९ मीटर केले, भागाकार केला आणि ताशी किलोमीटर काढले. स्टँडर्डब्रेड सुमारे ५३, फ्रेंच ५१, ऑर्लोव्ह ४९, कोल्डब्लड ४६. पूर्ण गुण.

एका मुलाने मात्र आकडेमोड केलीच नाही. त्याच्या घरी लग्नाच्या वरातीसाठी घोडी आहे. त्याने लिहिलं होतं, "सांगता येणार नाही. अंतर वेगळं आहे. रस्ता माहीत नाही. गाडी कशी ते माहीत नाही. आणि एक घोडा म्हणजे सगळी जात नाही." मला वाटलं, गणित टाळायचा बहाणा आहे. दिला शून्य. वर लाल पेनाने लिहिलं, "विचारलं तेवढंच लिही."

त्यानंतर कितीतरी दिवस तो वर्गात हात वर करेना. ते माझ्या लक्षात आलं, पण उशिरा. मग एका रविवारी त्याचं उत्तर पुन्हा काढलं आणि एकेक वाक्य तपासायला बसले.

अंतर वेगळं आहे. बरोबर. मैलभर जीव तोडून धावणं आणि २७०० मीटर दम राखून धावणं सारखं नव्हे. आपणही शंभर मीटर धावणाऱ्याची आणि पंधराशे मीटर धावणाऱ्याची सरासरी शेजारी मांडून निकाल देत नाही.

रस्ता माहीत नाही. हेही बरोबर. स्टँडर्डब्रेडचा तो विक्रम अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनच्या सपाट धावपट्टीवर झाला. फ्रान्सची सर्वांत मोठी शर्यत, प्री द'आमेरिक, पॅरिसजवळ व्हँसेनला होते आणि तिथल्या मोठ्या धावपट्टीला चक्क उतार आणि चढ आहे.

गाडी कशी आहे? इथे तर मी थक्कच झाले. अमेरिकेत १८८५ साली मॉड एस. या घोडीने एक मैल २ मिनिटं ८.७५ सेकंदांत दुडकत कापला. १८९१ मध्ये सुनोल नावाच्या घोडीने २ मिनिटं ८.२५ सेकंद घेतले. म्हणजे सहा वर्षांत सुधारणा अर्ध्या सेकंदाची. आणि पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, नॅन्सी हँक्सने २ मिनिटं ४ सेकंदांत मैल संपवला! एका वर्षात सव्वाचार सेकंद. घोडी असामान्य होतीच, पण त्याच वर्षी उंच चाकांच्या गाडीऐवजी हवेच्या टायरची, सायकलसारख्या छोट्या चाकांची गाडी आली होती. आता सांगा, त्यातले किती सेकंद घोडीचे आणि किती चाकाचे? नुसत्या आकड्यावरून नाही सांगता येत.

एक घोडा म्हणजे सगळी जात नाही. हे वाक्य तर मी पुढच्या वर्षी सांख्यिकीच्या तासाला फळ्यावर लिहिणार आहे. विक्रम हा एका घोड्याचा, एका दिवसाचा असतो. जातीचा वेग सांगायचा तर त्या जातीचे पुष्कळ घोडे मोजायला हवेत. स्टँडर्डब्रेड या नावातच ही समज आहे. १८७९ मध्ये नोंदणीसाठी एक ठरावीक पातळी घालून दिली गेली : अडीच मिनिटांत एक मैल दुडकायचा, म्हणजे ताशी साधारण साडेअडतीस किलोमीटर. एकच अंतर, एकच चाल आणि सगळ्यांना एकच कसोटी. तुलना करायची तर आधी अशी कसोटी ठरवावी लागते.

मुलाने न लिहिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे चाल. दुडक्या चालीत पुढचा एक आणि त्याच्या तिरप्या बाजूचा मागचा पाय एकदम पडतो, म्हणून कानाला दोनच ठोके ऐकू येतात. साधा घोडा आरामात ताशी १२-१५ किलोमीटरने दुडकतो. वेग वाढवला की तो आपोआप चौखूर सुटतो, कारण ठरावीक वेगापुढे दुडकायला जास्त शक्ती लागते. १९८१ मध्ये हॉइट आणि टेलर या शास्त्रज्ञांनी पट्ट्यावर घोडे चालवून हे मोजून दाखवलं. या शर्यतींत चौखूर सुटलेल्या घोड्याला हाकणाऱ्याने मागे खेचून पुन्हा दुडक्या चालीवर आणावं लागतं, नाहीतर तो बाद होतो. म्हणजे इथली कसोटी नुसत्या वेगाची नाही, चाल न मोडता किती वेग टिकतो याची आहे. सारंगखेड्याला लोक रेवाल चाल बघतात, तिथे तर वेगाइतकीच किंमत वर बसलेल्याला हिसका न बसण्याला असते. तो घोडा या यादीत शेवटचा येईल, पण म्हणून तो कमी ठरेल का?

काही सहकारी म्हणतील, "मॅडम, अभ्यासक्रम कधी संपवायचा? शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तर दिलेल्या पर्यायांतूनच उत्तर निवडायचं असतं." खरं आहे. भागाकार यायलाच हवा, त्यातून सुटका नाही. तो मुलगाही आकडेमोड करून मग शंका लिहिता तर आणखी चांगलं झालं असतं. पण माझं मत असं की, सत्रातून निदान एक उदाहरण असं द्यावं ज्याचं शेवटचं वाक्य "क्रम लावा" नसून "ही तुलना योग्य आहे का? आणखी कोणती माहिती हवी?" असं असेल. आणि त्या शंकेला गुण द्यावेत. गुण नसतील तर मुलं शंका विचारत नाहीत, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

पालकांनाही एक विनंती. निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचे गुण विचारण्याआधी या चार ओळी आठवा. अंतर तेच होतं का? रस्ता तोच होता का? कोणाची गाडी जड होती? एका पेपरवरून सगळं मूल कळतं का?

मी काय केलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी वर्गात तो पेपर वाचून दाखवला आणि म्हटलं, "चूक माझी होती." शून्य खोडून पाचपैकी तीन गुण दिले. दोन गुण आकडेमोडीसाठी राखून ठेवले आणि त्याला सांगितलं, "आता भागाकार करून दाखव, तेही मिळतील." त्याने मधल्या सुट्टीत करून आणला. मग विचारलं, "मॅडम, आमच्या घोडीचा वेग मोजू या का?"

शनिवारी मैदानावर चुन्याने शंभर मीटर आखणार आहोत. घड्याळ धरायला तीन मुलं, कारण एकाच्या घड्याळावर विश्वास कसा ठेवायचा, हेही त्यानेच विचारलं.